पणजोबांचा सर्व्हे नंबर

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, सातबाऱ्यावर भलतंच, आणि पणजोबांच्या नावापुढे तर आडनावच नाही. नुसतं ‘राणू बिन तुका’. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातून पुण्याला येऊन दोन पिढ्या झालेल्या घरात कुणाला जातीचा दाखला काढायचा असला, की कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून असे कागद बाहेर येतात आणि वाद सुरू होतो. हा तुका आपलाच कशावरून? त्या गावात चार तुका असतील! सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला, तेव्हापासून असे वाद घरोघरी झडू लागले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

आपण नाव धरून शोधायला निघतो, तिथेच घोळ होतो. जुने कागद नावानं लावलेलेच नसतात. ते गावानुसार, जमिनीच्या नंबरानुसार, वतनानुसार लावलेले असतात. लिहिणाऱ्याला आपल्या पणजोबांशी काही देणंघेणं नव्हतं; सारा कुणाकडून घ्यायचा आणि माफी कुणाला द्यायची, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून ‘पणजोबा कोण होते’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ते कोणती जमीन कसत होते, गावात कोणतं काम करत होते’ असं विचारलं, की कागद बोलायला लागतात.

आधी शाळेत जा

सुरुवात जवळच्या कागदांपासून करावी. गावच्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर हा बहुतेक घरांचा पहिला खात्रीचा पुरावा. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख असते. तारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. महाराष्ट्रातली निम्मी जुनी पिढी १ जूनला जन्मली की काय असं वाटावं, इतक्या दाखल्यांवर ती तारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजी मुलाकडे बघून वर्ष ठरवायचे.

आडनावाचा घोळही बऱ्याचदा इथेच होतो. गावात माणूस बापाच्या नावानं आणि कामावरून ओळखला जायचा. आडनावाचा रकाना भरायची वेळ आली शाळेत, फौजेत किंवा गिरणीच्या हजेरीपटावर. तिथे कुणी गावाला ‘कर’ लावला, कुणी ‘पाटील’ लिहिलं, कुणी कुळाचं नाव दिलं. दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघाली तर घाबरून जायचं कारण नाही. बारामतीचेच दोन थोर पाहा. पेशव्यांचे सावकार बाबूजी नाईक हे मूळचे जोशी. नाईक हा सावकारीचा मान आणि बारामतीकर ही गावाची ओळख. एकाच माणसाला कागदोपत्री ही तिन्ही नावं लागतात. त्यांच्या आश्रयाला राहिलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४) पराडकर. जन्म पन्हाळ्याचा, हयात गेली बारामतीत. नुसतं आडनाव धरून शोधलं असतं तर यांपैकी कुणी सहज हाती लागलं नसतं.

शाळेच्या मागे गाव नमुना १४ असतो, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूची ही नोंदवही. तीत बाळाचं नाव क्वचितच असतं. ‘अमुकला मुलगा झाला’ एवढंच. पण बापाचं नाव आणि जात असते, म्हणून जातपडताळणीत ही वही सोन्याच्या मोलाची ठरते. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात, तो बऱ्याचदा इथे सापडतो. शहरात जन्मलेल्यांच्या नोंदी नगरपालिकेत. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही: अर्ज करा, फी भरा, वर्ष नक्की नसेल तर आगेमागे पाच वर्षं शोधायला सांगा.

सातबाऱ्याच्या पोटात फेरफार

खरी शिडी जमिनीच्या कागदांची. सातबारा म्हणजे बँकेच्या पासबुकातली शेवटची शिल्लक समजा: आज जमीन कुणाच्या नावे, एवढंच तो सांगतो. शिल्लक कशी झाली हे बघायचं तर मागच्या ओळी वाचाव्या लागतात, आणि त्या ओळी म्हणजे फेरफार, गाव नमुना ६. खातेदाराच्या नावाजवळ गोल कंसात जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. एक नंबर घ्यायचा, त्याचा उतारा काढायचा, त्यात आधीच्या नोंदीचा धागा मिळतो, मग तो पकडायचा. नोंद मिळाली नाही तर जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर बघायचं, कारण संगणकावर घेताना कंसातले कितीतरी जुने नंबर गळाले.

वंशावळीला सगळ्यात उपयोगी ती वारसाची नोंद. ‘खातेदार अमुक बिन तमुक मयत, वारस मुले तीन, मुली दोन, पत्नी एक’ अशा थाटाची ही ओळ असते. खाली कुणी वर्दी दिली ते, आणि मंडल अधिकाऱ्याचा शेरा. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेणारा पूल तो हाच. जुन्या उताऱ्यांवर आणखी दोन खुणा दिसतात. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे त्याच्यामागे भाऊ आहेत, ज्यांची नावं या कागदावर नाहीत. ती वाटणीच्या फेरफारात निघतील. ‘अ.पा.क.’ असेल तर खातेदार अज्ञान होता आणि पालनकर्ता दुसरं कुणी. हे दुसरं कुणी बऱ्याचदा आई असते, आणि त्या घरातल्या बाईचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा असं येतं. बाप लवकर वारला म्हणून आईचं नाव राहिलं, असा हा उफराटा न्याय.

१ एप्रिल १९५७ नंतरच्या नोंदींत ‘कलम ३२ग’ दिसलं, तर कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली असं समजावं. तुमचे पूर्वज घेणाऱ्यांत होते की गमावणाऱ्यांत, हे घरातल्या गोष्टींपेक्षा त्या एका ओळीवरून जास्त नेमकं कळतं.

मग अडथळा येतो तो गट नंबरांचा. तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७चा. पुढची दोन-तीन दशकं गावोगाव योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबर मोडून गट नंबर आले. त्यामुळे आजचा गट १९३०च्या कागदात शोधून काही उपयोग नाही. एकत्रीकरणाच्या योजना पत्रकात जुना सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते लिहिलेलं असतं, आणि तो नंबर मिळाला की वाट पुन्हा मोकळी होते. हक्कनोंदणीच मुळी १९०३च्या मुंबई कायद्याने सुरू झाली आणि १९१३मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यात घातली गेली. तेव्हा फेरफारांची शिडी साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपास संपते. तिथून मागे जायला दुसरा जिना लागतो.

जे इंदापुरात झालं ते मुंबई इलाख्यात

इंदापूरकरांना फारसं माहीत नसलेली एक गोष्ट: सर्व्हे नंबर नावाची चीज आज ज्या रूपात आपल्याला ठाऊक आहे, ती त्यांच्या तालुक्यात घडली.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांना प्रश्न पडला, सारा किती घ्यायचा? रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८पासून पुण्याकडच्या जमिनींची मोजणी केली. शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरतं त्याचा ठरावीक हिस्सा सरकारचा, असं त्याचं गणित. कागदावर चोख, शेतात खोटं. अवर्षणी इंदापुरात दर जड झाले, खालच्या कामगारांनी मोजणीत हात मारला, आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. त्यांनी उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि मातीकडे पाहिलं: रंग काय, खोली किती, खडी-चुनखड आहे का. त्यावरून प्रतवारी आणि आण्यांत तिचं मोल. शेताचा आकार एका बैलजोडीला झेपेल असा धरून त्याला एक नंबर दिला, आणि दर तीस वर्षांसाठी कायम केले. हीच पद्धत १८४७च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली आणि इलाखाभर पसरली.

आपल्या शोधाला याचा उपयोग असा. त्या नंबरासमोर खातेदाराचं नाव लिहिलं गेलं. नाव लिहिलं ते सारा भरणाऱ्याचं, कसणाऱ्या सगळ्यांचं नव्हे. एका नंबरात चार भाऊ असले तरी कागदावर थोरला. म्हणून ‘आमच्या घरातला माणूस यादीत नाही’ असं वाटलं तर शेजारच्या नंबरांचे खातेदारही उतरवून घ्यावेत. भाऊबंद शिवेला शीव लावून असतात. जुने मोजणीचे नकाशे आणि आकारबंद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात बघावेत. बरेच जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही चढवले आहेत.

गाव तिकडे, दप्तर पुण्यात

१८१८च्या मागे जायचं असेल तर गावाकडे न जाता पुण्यातच थांबावं. कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे: सुमारे ३९ हजार रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. बारामतीहून पुण्याला आलेला माणूस आपल्या गावचा इतिहास गावातच असेल असं धरून दर सुट्टीला तिकडे धावतो, आणि त्याच्या गावचे कागद त्याच्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर बांधून ठेवलेले असतात!

रुमाल मागताना गाव कोणत्या परगण्यात होतं ते आधी माहीत हवं. बारामतीकडची गावं जुन्या कागदांत सुपे परगण्यात आणि इंग्रजी अमलात भीमथडी तालुक्यात सापडतात. इंदापूर मात्र तेव्हाही इंदापूर परगणाच. परगण्यानंतर गाव, गावानंतर वर्ष, आणि मग कुठे माणूस.

सामान्य घराला सगळ्यात जवळचे कागद इनाम कमिशनचे. १८५२च्या कायद्याने इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराला विचारलं: जमीन माफीची आहे म्हणता, दाखवा कुणी दिली. मग पाटील, कुलकर्णी, देवळाचे पुजारी, पिराचे मुजावर, सगळ्यांनी कैफियती दिल्या, आणि वारसा सिद्ध करायला वंशावळी जोडल्या. जमीन जाईल या धाकाने लोकांनी आपली खापरपणजोबांपर्यंतची नावं सरकारला लिहून दिली. वंशावळ अशी आयती दुसरीकडे क्वचितच मिळते.

याहून जुना आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर कागद म्हणजे महजर. वतनाचा तंटा झाला की गावसभा बसायची आणि निकालावर सगळ्यांची साक्ष व्हायची. लिहिता न येणाऱ्यांनी आपल्या कामाची निशाणी काढायची: पाटलाच्या आणि कुणब्याच्या नावाजवळ छोटासा नांगर, बलुतेदारांच्या नावाजवळ ज्याचं त्याचं हत्यार. कुणाचं घर गावात केव्हापासून आहे, हे त्या चित्रांच्या रांगेतून कळतं. गावाची ही घडी समजून घ्यायला त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५चं ‘गावगाडा’ अजूनही हाताशी ठेवावं.

दप्तर मोडीत आहे. मोडी ही लिपी, भाषा मराठीच. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं जोडत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, शब्द तोडलेले नाहीत. तरी महिनाभर नेटानं बसलं तर नावं आणि आकडे वाचता येतात. नावं वाचताना तीन शब्द ध्यानात हवेत. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘गंगाई कोम राणू’ असं दिसलं की आपल्या घरातली एक बाई सापडली.

चौकट: जुनं वर्ष कसं काढायचं

शक असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर ५९०.

पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, आणि तो अरबी शब्दांत लिहितात, लहान आकडा आधी. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७१. हे वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे.

तारखेआधी ‘छ’ दिसलं तर पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र आहे: छ ७ सफर, म्हणजे सफर महिन्याची सातवी तारीख.

ज्यांच्या नावे जमीन नव्हती

इथपर्यंतची सगळी शिडी जमीनदाराला सोयीची आहे, हे कबूल. ज्याला शेतच नव्हतं त्याने काय करायचं?

महार वतनाच्या बाबतीत उत्तर अनपेक्षित आहे. गावकामाच्या बदल्यात मिळालेली ही जमीन सातबाऱ्यावर ‘इनाम वर्ग ६ब’ म्हणून येते. वतन सगळ्या घराण्याचं, काम पाळीपाळीने, म्हणून कोणत्या तक्षिमेत, म्हणजे वाट्यात, किती भाऊबंद हे लिहावंच लागे. कुणब्याच्या नंबरावर थोरल्या भावाचं एक नाव, आणि वतनाच्या कागदावर सगळ्या भावकीची यादी! १८७४च्या वतन कायद्याखालचे हे कागद, आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतनं रद्द झाल्यावर जमिनी परत दिल्याचे फेरफार, हे दोन्ही मागून घ्यावेत. ज्या व्यवस्थेने माणसांना वेशीबाहेर ठेवलं, तिनेच त्यांची नावं सर्वांत तपशिलात नोंदवली, हे मला अजूनही पचत नाही.

मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांची आणि इतर फिरस्त्यांची नोंद सरकारकडे तुटक. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घरांना भेट देतात, वंशावळ म्हणून दाखवतात आणि नवी नावं वहीत घालून धान्य-पैसे घेऊन जातात. तीर्थाच्या उपाध्यांच्या वह्याही अशाच. नाशिकला रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढतात, आणि आजोबा अस्थी घेऊन आले होते तेव्हाची त्यांची सहीसुद्धा निघते. पंढरपूरलाही विचारावं. नीरा आणि भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर इंदापूर तालुक्यातलं. कितीतरी घरांचं ते कुलदैवत, तेव्हा तिथल्या पुजाऱ्यांकडेही एक खेप करावी. या वह्यांत अंदाज आणि गोडवा दोन्ही असतात. एखाद्या घराण्याचा उगम सरळ सूर्यवंशाला भिडवलेला दिसला की तेवढा भाग सोडून पुढचं उतरवून घ्यावं.

कागद का नाहीत, हाही इतिहासच

विंगेटने ठरवलेले तीस वर्षांचे दर १८६६च्या सुमारास संपले आणि फेरआकारणीही इंदापुरातच आधी झाली. सारा बराच वाढला. तोही नेमका अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव कोसळल्यावर. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १२ मे १८७५ला, बाजाराच्या दिवशी, सुप्यात लोकांनी सावकारांची घरं आणि दुकानं फोडली. हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या, आणि त्यांची होळी झाली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. आज सुप्याच्या आसपासच्या गावांत १८७५च्या आधीचं गहाणखत मिळत नाही, तेव्हा या दिवसाची आठवण ठेवावी. ज्यांनी रोखे जाळले त्यांचे वंशज आणि ज्यांच्या वह्या जळल्या त्या मारवाडी-गुजराती सावकारांचे वंशज, दोघांच्याही हातातलं पान तिथेच फाटलेलं आहे. चार वर्षांनी, १८७९मध्ये, दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर लिहायची सक्ती झाली. म्हणजे दंग्याआधीचा कागद नाही, पण दंग्यामुळे पुढचे कागद वाढले.

मूळ गाव नेमकं कोणतं

इतकं सगळं करून बारामतीच्या शिवारात १९००च्या मागे घराण्याचा मागमूस लागत नसेल, तर ते घर तिथलं नसावं. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, बागायत वाढली आणि बाहेरून माणसं आली. सासवडचे माळी कालव्याच्या पाण्यामागे या पट्ट्यात आले, ऊस केला, आणि १९३०च्या दशकात आणखी पुढे जाऊन माळीनगरला साखर कारखाना काढला. त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर वसवलं. तिथे कामाला आलेल्यांची नातवंडं आज स्वतःला इंदापूरची म्हणवतात. अशा घरांनी सासवडला, माणदेशात किंवा सोलापूरकडे शोध न्यावा. छत्रपतींच्या घराण्याचंही तेच: मालोजीराजे वेरूळचे, इंदापूरच्या लढाईत पडले, गढी इंदापुरात, आणि त्या लढाईच्या वर्षाबद्दल इतिहासकारांत अजून एकमत नाही. राजघराण्याची ही गत, तर आपल्या तुकाचं जन्मवर्ष पाच-सात वर्षांनी मागेपुढे झालं तर चालवून घ्यावं.

उजनी धरणामुळे ज्यांची गावं हलली त्यांचा पेच आणखी वेगळा. पळसदेवसारखी भीमाकाठची गावं १९८०च्या सुमारास पाण्याखाली गेली आणि नव्या गावठाणात तेच नाव घेऊन वसली. नव्या गावच्या सातबाऱ्यावरून मागे गेलात तर वाट पुनर्वसनाच्या आदेशापाशी संपते. त्याआधी ती जमीन दुसऱ्याच कुणाची होती, आणि तिचे फेरफार तुम्हाला परक्याच्या घरात घेऊन जातील. अशा घरांनी तहसीलमध्ये सातबारा न मागता भूसंपादनाचा निवाडा मागावा. त्यात बुडालेल्या गावचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, झाडं-विहिरींची मोजदाद आणि पैसे घेणाऱ्या सगळ्या वारसांची नावं असतात. तो नंबर घेऊन जुन्या गावच्या फेरफारात शिरावं आणि तिथून मागे, पहिल्या मोजणीपर्यंत, नंबर न सोडता जावं.